मनीला पोत्यात घालू नका

वाशीम,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. छोटी हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर बोलले खरी, पण तुझ्याकडे सोन्याचं रडणं, सासूबाईंचे प्रश्न आणि दारातला ट्रॅक्टर यांत माझं निम्मं बोलणं वाहून गेलं. उद्या तू सोन्याला घेऊन वाशीमला येशीलच. पण दवाखान्याच्या रांगेत धड बोलणं होत नाही, आणि मला जे सांगायचंय ते एकट्या तुला सांगून भागणारही नाही. म्हणून आजच लिहून पाठवतेय. रात्री जेवणं आटोपली की सगळ्यांना वाचून दाखव. तुझ्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. या पत्रात त्यांच्याशी थोडं भांडण आहे, तेवढं पोटात घाला म्हणावं.

काल तुमच्या मांजरीने, मनीने, सोन्याचा हात बोचकारला, त्यावर ते जे बोलले त्या एकाच वाक्याशी भांडण आहे. "आपली मनी हाय ते, घरचीच, तिचं नख लागलं तं काय झालं!" सरकारी दवाखान्यात नोकरी केली तेवढी वर्षं हे वाक्य मी ऐकत आले. रस्त्यावरचं कुत्रं चावलं की लोक धावतपळत येतात. घरच्या मांजरानं बोचकारलं की कुणी येत नाही. आलंच तर चार दिवसांनी, भलत्याच कामासाठी, आणि उठता उठता हात पुढे करून विचारतं, "सिस्टर, याला काही लावू का?" प्राण्यावर माया किती, यावरून धोका किती हे ठरवायची आपल्याला खोड आहे. नख किती खोल गेलं आणि ते मांजर रात्री कुठे हिंडतं, हे दोनच प्रश्न विचारायचे असतात. ते कुणाच्या घरचं, हा तिसरा प्रश्न दवाखान्यात कामाचा नाही.

आता सांग, तुमची मनी रात्री कुठे असते? घरात सोयाबीनची पोती लागली म्हणून उंदीर आले आणि उंदीर आले म्हणून मनी आली. ती काही पोत्यांजवळ पहारा देत बसत नाही. गोठा, कुटाराचा ढीग, तुरीचं शेत, सगळीकडे तिची फेरी असते, आणि गावातली कुत्रीही तिथेच फिरतात. कुत्र्याच्या तावडीतून सुटून आलेलं मांजर घरी येऊन सांगत नाही. केसांखालची जखम आपल्याला दिसतही नाही. कानपूर देहात जिल्ह्यातल्या अकबरपूरची नोव्हेंबर २०२३ मधली बातमी मी कापून ठेवली आहे. घरच्या पाळीव मांजरीला भटकं कुत्रं चावलं होतं. पुढे ती मांजर घरातल्या दोघांना चावली, वडिलांना आणि तरुण मुलाला. दोघांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आणि निश्चिंत झाले. रेबीजची लस राहिली. आठवड्याभराच्या अंतराने दोघेही गेले. ती मांजरही घरचीच होती, एवढंच तुझ्या सासऱ्यांना सांगायचंय.

त्यातलं धनुर्वाताचं इंजेक्शन लक्षात ठेव. आपल्याकडे कुठलीही जखम झाली की लोक "टीटी मारून" येतात आणि इंजेक्शन झालं म्हणून मोकळे होतात. धनुर्वात वेगळा, रेबीज वेगळा. एकाची सुई दुसऱ्याच्या कामाची नाही. सोन्याचं पाच वर्षांचं लसीकरण झालंय की नाही, हे त्याच्या कार्डावर बघून डॉक्टर धनुर्वाताचं ठरवतील. कार्ड उद्या बरोबर आण.

तू विचारलंस, चावली नाही, नुसतं नख लागलं, मग रेबीज कसा होईल? रेबीजचा विषाणू लाळेत असतो, नखात नसतो, हे खरं. पण मांजर दिवसातून कितीदा पंजा चाटतं ते बघ. ओला पंजा, ओलं नख, आणि त्याच नखाने चिरलेली कातडी. चाव्यापेक्षा ओरखड्याचा धोका कमीच, पण तो शून्य नाही आणि या आजारात चुकायला जागा नाही. विषाणू एकदा मज्जातंतूत शिरला की हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुतेकांना एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसतात, एखाद्याला वर्षानंतरही. पाणी पुढे धरलं की घशाला झटके येणं, वारा सहन न होणं, किंवा नुसतेच हातपाय लुळे पडत जाणं. एवढं झाल्यावर जगात कुठल्याच दवाखान्यात खात्रीचा उपाय नाही. त्याआधी मात्र जवळजवळ शंभर टक्के उपाय आहे, तोही फुकट. म्हणून "बघू दोन दिवस" हा सल्ला या बाबतीत कुणाचाच ऐकायचा नाही.

आता सुरुवातीपासून सांगते, म्हणजे पुढच्या वेळी मला फोन लावण्याआधी हात चालेल.

नख लागलं की पहिलं काम धुण्याचं. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. घड्याळ लावून बघ, पंधरा मिनिटं फार लांब असतात. आपण दोन मिनिटांत "झालं" म्हणून उठतो. तुमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणजे वाहतं पाणी आणायचं कुठून? तर मोरीत पाटावर लेकराला बसव, हात कोपरापासून खाली उतरता धर, आणि एकीने मगाने बारीक धार सोडत राहायचं. मिनिटाला लिटरभर धार धरली तर एका बादलीत भागतं. दुसरीने साबणाचा फेस करून ओरखड्याच्या रेघेवरून बोट फिरवायचं. दाबून घासायचं नाही, नुसता फेस आत जाईल इतकं. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, जो हाताशी असेल तो चालतो. या विषाणूवर चरबीचं वेष्टण असतं आणि साबण ते वेष्टणच मोडतो. गावात बाकी काही नसलं तरी हे औषध प्रत्येक घरात आहे. धुऊन झाल्यावर बिटाडीनसारखं आयोडीनचं औषध लावायचं आणि जखम उघडी ठेवायची.

सासूबाईंनी हळद दाबली, ती त्यांनी मायेपोटीच दाबली. पण हळद, चुना, तिखट, रॉकेल, तंबाखू, झाडपाला, यांतलं काहीही जखमेत भरायचं नाही. त्याने कातडी सोलवटते, आणि विषाणू मरण्याऐवजी त्याला आत शिरायला नव्या वाटा होतात. शिवाय डॉक्टरला जखम किती खोल ते दिसत नाही. घट्ट पट्टी नको. टाकेसुद्धा शक्यतो घालत नाहीत. घालावेच लागले तर आधी जखमेत सीरम देऊन. शेजारच्या गावात कुणी मंतरलेलं पाणी देतो म्हणालीस. मंतरायला जायचंच असेल तर सुई टोचून झाल्यावर जा, माझी हरकत नाही. सुईऐवजी मात्र नको.

दुसरं काम दवाखाना, त्याच दिवशी. आपल्या जिल्ह्यात कारंजाला उपजिल्हा रुग्णालय आहे, वाशीमला जिल्हा सामान्य रुग्णालय, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोऱ्याला ग्रामीण रुग्णालयं, आणि खाली प्राथमिक आरोग्य केंद्रं. आधी आशाताईंना फोन करून कुठे लस आहे ते विचारून निघावं, म्हणजे हेलपाटा वाचतो. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, त्यामुळे पैशाची सबब राहिलेली नाही.

तिथे डॉक्टर जखमेचा वर्ग ठरवतात. असे तीन वर्ग आहेत. प्राण्याला हात लावला, खाऊ घातलं, त्याने धड कातडीवर चाटलं, हा पहिला वर्ग. हात धुवायचे आणि घरी जायचं. कातडीवर नुसती रेघ उठली, खरचटलं, पण रक्त आलं नाही, हा दुसरा. यात लस लागते. रक्त निघालं, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, ओठांवर लाळ लागली, की तिसरा. यात लस आणि शिवाय जखमेत सीरम. सोन्याच्या हातावर तीन रेघा आहेत आणि दोहोंवर रक्ताचे थेंब उभे राहिले होते, असं तू म्हणालीस. म्हणजे तिसरा वर्ग. म्हणूनच आज पहिली लस टोचून डॉक्टरांनी तुला सीरमसाठी वाशीमची चिठ्ठी दिली. ती टाळू नको.

हे सीरम म्हणजे काय, ते सासूबाईंना नीट समजाव, कारण "दोन सुया झाल्या ना, आता पुन्हा कशाला?" असं त्या म्हणणार. लस शरीराला शिकवते, पण शिकायला शरीराला आठवडा, दहा दिवस लागतात. तोवर जखमेत पडलेल्या विषाणूला अडवणारं तयार काहीतरी हवं. ते म्हणजे सीरम. घोड्याच्या रक्तातून काढलेलं असेल तर किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तातलं असेल तर २०. सोन्याचं वजन १८ किलो धरलं तर घोड्याच्या सीरमचे ७२० युनिट होतात. म्हणून वजन करूनच देतात, अंदाजाने नाही. आता प्रयोगशाळेत तयार केलेलं मोनोक्लोनल अँटिबॉडीचं औषधही मिळतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशिल्ड त्यातलंच. यांपैकी जे असेल ते ओरखड्याच्या कडेकडेने आत सोडतात. दुखतं, खोटं कशाला सांगू. सोन्याला मांडीवर घट्ट धरावं लागेल. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, कुणाला चक्कर किंवा अंगावर गांधी आल्या तर उपचार हाताशी असतात. हे सीरम पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंतच देतात, कारण त्यानंतर शरीर स्वतःचं बनवायला लागलेलं असतं. तुझा हिशेब २४ तारखेला संपतो. तेव्हा उद्या म्हणजे उद्याच.

लसीच्या तारखा आताच कॅलेंडरवर गोल करून टाक. आज १७ नोव्हेंबर, हा शून्यावा दिवस. मग तिसरा दिवस गुरुवार २० नोव्हेंबर, सातवा सोमवार २४ नोव्हेंबर आणि अठ्ठाविसावा सोमवार १५ डिसेंबर. प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर कातडीत एकेक सुई, प्रत्येकी ०.१ मिली. सुई नीट कातडीतच गेली की तिथे संत्र्याच्या सालीसारखा बारीक खळग्यांचा फुगवटा येतो. तो आला का बघ. नाही आला तर सिस्टरना तिथल्या तिथे दाखव, त्या राग मानत नाहीत. नंतर त्या जागेला चोळायचं नाही. खाजगीत दंडाच्या स्नायूत देतात तेव्हा डोस पाच असतात, शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एक पद्धत धरली की शक्यतो तीच शेवटपर्यंत.

या सगळ्यांत हुकतो तो शेवटचा डोस. १५ डिसेंबरला ओरखडा पार मिटलेला असेल, हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस असतील, आणि "आता काय राहिलंय" असं कुणीतरी म्हणेल. एखादी तारीख चुकलीच तर दुसऱ्या दिवशी जायचं. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, पण सोडूनही द्यायचं नाही. चारही डोस झाले की कार्ड जपून ठेव, शेताच्या सातबारासारखं. पुढे कधी पुन्हा चावलं, बोचकारलं, तर दोनच डोस लागतात, शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी, आणि सीरम लागत नाही. अर्थात कार्ड दाखवता आलं तर.

तुझे सासरे पोटातल्या चौदा इंजेक्शनांना घाबरतात, ते मी समजू शकते. त्यांच्या लहानपणी तसंच होतं. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. आपल्या देशात १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, आणि तिथे डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस केली. औषध भरपूर टोचावं लागे, म्हणून रोज, पोटाच्या कातडीखाली. कुणाकुणाला त्या लसीनेच लुळेपणा यायचा. पुढे पेशींवर वाढवलेल्या शुद्ध लसी आल्या. मेंढीच्या मेंदूची लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली आणि कातडीत थोडं थोडं द्यायची आजची पद्धत २००६ पासून सुरू झाली. म्हणजे ज्या सुयांना ते घाबरतात, त्या बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली.

आता मनीचं. तू फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "हे तिला पोत्यात घालून शिवाराबाहेर सोडून येतो म्हणतात." अगं, हे ऐकलं आणि मी उठूनच बसले. ही रीत जुनी आहे. मांजर मारलं तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते, म्हणून मारायचं पाप कुणी घेत नाही; पोत्यात घालून चार कोसांवर सोडायचं, म्हणजे पापही नाही आणि मांजरही नाही. पण या दहा दिवसांत मनीइतकी कामाची घरात दुसरी कोणी नाही. मांजराच्या आणि कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो आजार दिसायच्या थोडेच दिवस आधी, आणि आजार दिसला की ते प्राणी काही दिवसांतच मरतात. म्हणून नख लागल्यापासून दहा दिवस ती खातीपिती, धडधाकट राहिली, तर त्या दिवशी तिच्या लाळेत रेबीज नव्हता हे नक्की होतं. हा नियम फक्त कुत्र्यामांजरांना लागू, कोल्ह्यामुंगसांना नाही. काल रविवारी १६ तारखेला नख लागलं, म्हणजे बुधवार २६ तारखेपर्यंत मनी डोळ्यांसमोर हवी. सोडून दिली तर उत्तर तिच्याबरोबर गेलं, आणि महिनाभर तुझ्या जिवाला घोर.

मात्र दहा दिवस बघून मग लस, असं करायचं नाही. लस आज सुरू, निरीक्षणही आज सुरू, दोन्ही बरोबरीने. मनी २६ ला ठणठणीत असली तरी १५ डिसेंबरचा डोस घेऊन टाका, पुढची काळजी मिटते.

तिला मागच्या खोलीत ठेवा, दार लोटून. दूध, पाणी, एका घमेल्यात राख किंवा माती. खाऊ मोठ्या माणसाने एकट्याने घालायचा. सोन्याने जायचं नाही. बघायचं ते हे: खाते का, गिळते का, आवाज बदललाय का, लाळ गळते का, चालताना मागचे पाय ओढते का, अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसते आणि जवळ गेलं की कारण नसताना अंगावर झेप घेते का. यातलं काही दिसलं तर तिला उचलायला जाऊ नका. दार लावून घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देव न करो, मेलीच, तर उघड्या हाताने शिवू नका आणि घाईने पुरूही नका. आधी पशुवैद्यांना विचारा, कारण पक्की तपासणी मेंदूचीच होते. ती पळून गेली आणि सापडलीच नाही, तर ती आजारी होती असं धरून सगळे डोस पुरे करायचे. या दहा दिवसांत तिला रेबीजची लसही टोचायची नाही, नाहीतर काही लक्षण दिसलं तर ते लसीचं की आजाराचं, हा घोळ होतो. २६ नंतर टोचा.

रेबीज सोडून आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र कमी लोकांना ठाऊक असते. मांजरांच्या पिसवांतून बार्टोनेला नावाचे जिवाणू पसरतात. पिसवांची घाण नखाखाली बसते आणि ओरखड्यातून आपल्या अंगात येते. पॅरिसच्या रोबेर दब्रे या बालरोगतज्ज्ञांनी १९५० मध्ये या दुखण्याची ओळख करून दिली. वर्षाच्या आतल्या पिल्लांकडून ते जास्त होतं, आणि तुमची मनी अजून पिल्लूच आहे. ओरखड्याच्या जागी तीन ते दहा दिवसांत लालसर पुळी येते. मग एक ते तीन आठवड्यांत त्या बाजूच्या काखेत किंवा कोपराजवळ गाठ सुजते, थोडा ताप, अंग मोडून येणं. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोन्याच्या काखेत हात घालून बघ. गाठ लागली तर घाबरू नको. बहुतेकांची काही आठवड्यांत, फार तर दोन-चार महिन्यांत आपोआप बसते, गरज वाटली तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात. पण गाठ दाखवताना "मांजरानं बोचकारलं होतं" हे आपणहून सांगायचं. आपल्याकडे गाठ म्हटली की क्षयाची शंका पहिली येते. मांजराचं सांगितलं नाही तर डॉक्टरला ते कळणार कसं? गाठेवर डाग देणं, बिब्बा लावणं, कुणाकडून फोडून घेणं, यांतलं काहीही नको.

सासूबाईंना साखर आहे, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं सांगते. मांजराचा दात सुईसारखा असतो. वरून टिपकाभर दिसतं आणि आत घाण खोल जाते. हाताला चावलं तर कधीकधी दिवसभरात हात सुजतो, ठणकतो, लाल होतो. साखरवाल्यांनी, स्टिरॉइड किंवा कॅन्सरची औषधं घेणाऱ्यांनी, डायलिसिसवर असणाऱ्यांनी अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. जखमेपासून वर लाल रेघ सरकताना दिसली तर कुणीच वाट बघायची नाही.

आणि हे पथ्यांचं. आंबट नको, वांगं नको, आंघोळ नको, असं काहीच नाही. सोन्याला रोजचं जेवण दे, आंघोळ घाल, शाळेत पाठव. तुझ्या जावेला दिवस गेलेत म्हणून ती त्याच्याजवळ येत नाही म्हणालीस. त्याच्यापासून कुणाला काही होत नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा. उलट तिलाच कधी मांजराचं नख लागलं, तर तिने न घाबरता हीच लस घ्यावी. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते.

राहिला सासऱ्यांचा शेवटचा प्रश्न, "मग मांजर पाळूच नये काय?" पाळा की. पण पाळायचं तर माणसासारखं, कार्डासकट. मांजराला तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची पहिली लस, पुढची पशुवैद्य सांगतील तेव्हा, आणि मग दर वर्षी. पिसवांचं औषध त्यांच्याकडूनच घ्या. कुत्र्याचं म्हणून मिळणारं किंवा गोठ्यातलं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका, काही औषधांनी मांजर मरतं. नसबंदी करून घेतली तर रात्रीचं भटकणं आणि मारामाऱ्या कमी होतात. लस टोचलेल्या मांजरानं बोचकारलं तरी दवाखान्यात जायचंच, पण तेव्हा काळीज एवढं धडधडत नाही.

आणि मनीला टोचून गावातली कुत्री तशीच ठेवली तर अर्धंच काम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवरून देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि ५,७०० हून अधिक माणसं रेबीजने जातात असा अंदाज निघाला. चावणाऱ्या चार प्राण्यांत तीन कुत्री. मांजराला रेबीज येतो तो बहुतेक त्यांच्याकडूनच. गोव्यात राज्य सरकारने आणि मिशन रेबीज या संस्थेच्या लोकांनी वर्षामागून वर्ष गावोगाव फिरून, जाळ्याने पकडून, कुत्र्यांना लस टोचली, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. तुझे सासरे ग्रामपंचायतीत बसतात. पशुसंवर्धन खात्याला पत्र देऊन गावात कुत्र्यांच्या लसीचं शिबिर घ्या, असा ठराव त्यांनी मांडावा. माझ्या सिस्टरकीपेक्षा त्यांच्या शब्दाला गावात जास्त वजन आहे, हे मी अगदी खरं लिहितेय, चढवून नाही.

सोन्याला रागावू नका. रागावलं की पोरं पुढच्या वेळी सांगत नाहीत, बाही खाली ओढून घेतात. त्याला एवढंच शिकव: मांजर खाताना, झोपलेलं असताना, पिल्लांजवळ असताना हात लावायचा नाही, कान मागे गेले आणि शेपूट आपटायला लागलं की हात मागे घ्यायचा, आणि नख लागलं की पळत येऊन आईला दाखवायचं, कुणी ओरडणार नाही.

उद्या नऊच्या आत पोच. सोन्याचं कार्ड, आजचा केसपेपर आणि त्याचा एक सुका शर्ट आण. जेवायला घरीच या.

सर्वांना यथायोग्य नमस्कार, सोन्याला गोड पापा.

तुझी,
मावशी

ता. क. शेजारची दोन पोरंही मनीशी रोज खेळतात म्हणालीस. निघण्याआधी त्यांच्या आईकडे जा आणि दोघांचे हातपाय, मान, तोंड उजेडात नीट बघायला सांग. जगात रेबीजने जाणाऱ्यांत शंभरात चाळीसच्या आसपास पंधरा वर्षांखालची पोरं असतात. नव्या ओरखड्याची रेघ दिसली तर त्यांनाही साबणाने धुऊन तुझ्याच गाडीत घेऊन ये. एका फेरीत सगळ्यांचं होईल.